सकाळी खडखड, दुपारी घोंघाट : वाचकांच्या संगणक-शंका

प्रश्न : मी मानवतला सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविमा असं दिवसभर काम चालू असतं. पलीकडेच कापसाचं जिनिंग आहे. माझा डेस्कटॉप जुना आहे, पण काम भागतं. महिन्याभरापासून त्यातला पंखा लईच आवाज करायलाय. सकाळी चालू केला की खडखड होते, थोड्या वेळानं आपोआप थांबते. दुपारी गर्दी झाली की असा घोंघावतो, की समोरच्या माणसाला नाव दोनदा विचारावं लागतं. दुरुस्तीला नेला तर एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारी पेटी, बदलून दिली. पैसे गेले, आवाज तसाच. आता म्हणतात प्रोसेसरचा पंखा बदला, नाहीतर नवीन मशीनच घ्या. नेमका कोणता पंखा वाजतो, हे माझं मला कसं कळेल?
— एक वाचक, मानवत, जि. परभणी

उत्तर : ताई, तुम्ही एका पंख्याबद्दल विचारलंत, पण पत्रात आवाज दोन लिहिलेत. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. दोन्हींचं कारण एकच असावं असं धरून दुरुस्ती झाली आणि तिथंच तुमचे पैसे अडकले. म्हणून आधी हे दोन आवाज सुटे करू.

सकाळची खडखड ही पंख्याच्या बुशची आहे. स्वस्त पंख्यात पात्यांचा दांडा एका छोट्या धातूच्या बुशमध्ये फिरतो आणि दोन्हींच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तेल हळूहळू उडून जातं, उरतं ते घट्ट होतं, बुश झिजते आणि दांडा आत हलायला लागतो. थंडीच्या सकाळी तेल आणखी घट्ट असतं, म्हणून खडखड. पंखा फिरून गरम झाला की तेल पातळ होतं आणि आवाज बंद. पंखा बरा झाला असं त्या वेळी वाटतं, पण झीज वाढतच असते. असा पंखा पुढे कधीतरी जाम होतो.

दुपारचा घोंघाट हा वाऱ्याचा आवाज आहे. त्यात मोडकं काही नाही. पंखा जोरात फिरतोय, कारण मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, त्याला जोरात फिरायला सांगतोय. प्रोसेसर तापला की पंख्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की आवाज फार झपाट्यानं वाढतो. वेग दुप्पट झाला तर आवाजात साधारण १५ डेसिबलची भर पडते, म्हणजे कानाला जवळजवळ तिपटीएवढा मोठा वाटतो. अशा वेळी पंखा बदलला तर नवा पंखाही तेवढ्याच जोरात फिरणार. प्रोसेसर का तापतोय, हे शोधायला पाहिजे.

एसएमपीएस बदलून झाला, तर त्यातून निदान एक गोष्ट कळली. त्याच्यासोबत त्याचा पंखाही नवा आला. तरी सकाळची खडखड राहिली, म्हणजे ती एसएमपीएसच्या पंख्याची नव्हती. तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसणार, सेवा केंद्रात ते लागत नाही. मग राहिले दोन : प्रोसेसरवरचा पंखा आणि डब्याच्या मागच्या बाजूचा पंखा.

आता घरी करून बघण्यासारखं सांगतो.

डबा उघडण्याआधी बाहेरून ऐका. टेबलाखाली यूपीएस असेल, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर असेल, त्यांच्यातही पंखे असतात. लाइट गेली की यूपीएस बॅटरीवर जातो तेव्हा आणि परत आली की चार्ज होतो तेव्हा काही यूपीएसचे पंखे जोरात चालतात. माझ्याकडे लोक कॉम्प्युटर घेऊन येतात आणि आवाज असतो टेबलाखालच्या यूपीएसचा, हे नेहमीचं आहे. संगणक पूर्ण बंद करा, बाकी सगळं चालू ठेवा. आवाज राहिला तर संगणकाला सोडून द्या.

आवाज डब्यातलाच असेल तर झाकणावर तळहात दाबून बघा. दाबल्यावर आवाज गेला, तर झाकणाचा स्क्रू ढिला आहे आणि पत्रा थरथरतोय. स्क्रू कसला की काम झालं. तुमच्या बाबतीत तसं वाटत नाही, पण बघायला काही खर्च नाही.

मग हे मासिक गुंडाळून नळी करा. एक टोक कानाला लावा, दुसऱ्या कानात बोट घाला, आणि नळीचं तोंड डब्याच्या मागं आधी वरच्या जाळीजवळ, मग खालच्या जाळीजवळ न्या. बऱ्याच डब्यांत एसएमपीएस वर असतो आणि मागचा पंखा त्याच्या खाली. कुठं आवाज मोठा होतो ते लगेच कळतं. हे सकाळी, खडखड चालू असतानाच करा. दुकानात नेईपर्यंत मशीन गरम होऊन आवाज थांबलेला असतो आणि दुरुस्तीवाल्याला काहीच ऐकू येत नाही. मग तो अंदाजानं पार्ट बदलतो. तुमच्या बाबतीत असंच झालं असावं.

नळीनं नक्की कळलं नाही तर डाव्या बाजूचं झाकण काढा. आत हात घालण्याआधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद, वायर काढलेली, आणि मग एकदा पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे मदरबोर्डवर शिल्लक असलेली वीज निघून जाते. डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून घ्या. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका, वायर काढून ठेवली असली तरी. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिथल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर साठते आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकते. जाळीतून पिन, तार, स्क्रूड्रायव्हर आत घालायचा नाही. मुलं आजूबाजूला असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

झाकण काढल्यावर बंद मशीनमध्येच दोन्ही पंखे बोटानं हळू फिरवून बघा. चांगला पंखा मऊ फिरतो आणि हळूहळू थांबतो. खराब पंखा अडकत फिरतो, चटकन थांबतो, किंवा पातं धरून वर-खाली हलवलं तर दांडा खुळखुळतो. एखादी वायर पात्यांना घासत नाही ना, तेही बघा. रॅम वाढवायला डबा उघडला होता आणि तेव्हापासून कटकट आवाज येतो, असं कुणी म्हटलं की बहुतेक वेळा वायरच असते.

शेवटची खात्री मशीन चालू करून. पेन्सिलचं रबराचं टोक घ्या. पंख्याच्या मधोमध, पात्यांसोबत फिरणाऱ्या गोल भागावर ते हळूच टेकवा, म्हणजे पंखा थांबतो. पात्यांवर टेकवायचं नाही, ती तुटतात. मागचा पंखा थांबवल्याबरोबर खडखड थांबली, तर गुन्हेगार सापडला. प्रोसेसरचा पंखा दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबवू नका. हा प्रयोग करताना ओढणी, पदर, केस, बांगड्या सांभाळा. पंखा १२ व्होल्टचा असला तरी बोटाला पातं लागलं तर चांगलंच झोंबतं.

माझा अंदाज मागच्या पंख्याचा आहे. तोच बहुतेक डब्यांसोबत आलेला, सगळ्यात स्वस्त असतो आणि आतली सगळी गरम हवा त्याच्याच अंगावरून बाहेर जाते. तो बदलाच. घेताना चौकटीची बाजू पट्टीनं मोजून न्या : ८० मिलिमीटर, ९२ किंवा १२०. वायरच्या टोकाला पिना तीन आहेत की चार, ते बघा. चार पिनांच्या जागी तीन पिनांचा पंखा बसतो, पण काही मदरबोर्डवर तो मग सतत पूर्ण वेगानं फिरत राहतो आणि तुमचा एक आवाज जाऊन दुसरा येतो. बुशच्या पंख्याऐवजी बॉल बेअरिंगचा मिळाला तर तो घ्या. नवा असताना तो किंचित जास्त गुणगुणतो, पण उष्णतेत जास्त टिकतो, आणि परभणी जिल्ह्यात मला टिकणं जास्त महत्त्वाचं वाटतं. बसवताना वारा डब्याच्या बाहेर फेकला गेला पाहिजे. ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. ती बाजू मागच्या जाळीकडे.

आता दुपारचं. तुम्ही जिनिंगचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण माझ्या मते तेच मूळ आहे.

प्रोसेसरवर आधी त्याची उष्णता ओढून घेणारा, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक असतो आणि त्याच्यावर पंखा. पंखा वरून हवा ओढतो आणि पट्ट्यांमध्ये ढकलतो. जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारी रुई त्या हवेसोबत जाते, पात्यांमधून सुटते आणि पट्ट्यांच्या तोंडावर अडकते. तिच्यावर धूळ, त्यावर परत रुई. असा गोधडीच्या अस्तरासारखा घट्ट थर जमतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो, कारण थर त्याच्या खाली असतो. पंखा जीव तोडून फिरतो, हवा पट्ट्यांपर्यंत पोचत नाही, प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड वेग आणखी वाढवतो. मानवत, सेलू, पाथरी या पट्ट्यातून माझ्याकडे आलेल्या मशीनमध्ये मी हाच थर काढत आलोय. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की अशी मशीन वाढतात.

पंखा हीटसिंकवरून सोडवता येत असेल तर फक्त पंखा काढा आणि थर चिमट्यानं उचला. तो बऱ्याचदा अख्खाच्या अख्खा निघतो. बाकीची धूळ रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशनं. ब्लोअर असेल तर वापरा, पण त्या वेळी पात्यांना बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग जातं, शिवाय उलटी वीज तयार होऊन बोर्डाकडे जाऊ शकते. आणि कृपा करून डबा पंक्चरच्या दुकानात हवा मारायला नेऊ नका. आपल्याकडे सर्रास नेतात. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, कॉम्प्रेसरचं तेल हवेत मिसळलेलं असतं, ते सगळं बोर्डावर बसतं.

इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारा गोल पंखा असेल तर तो प्लास्टिकच्या चार पिनांनी बोर्डावर बसवलेला असतो. या चार पिना एकेक करून बोटानं हलवून बघा. एक जरी वर आलेली असेल तर हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला जातो, प्रोसेसरला नीट टेकत नाही, आणि कितीही साफसफाई केली तरी मशीन तापतच राहतं. हे मी फार वेळा बघतो आणि फार थोडे लोक तपासतात. पिना बसवताना समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या, 'टक' असा आवाज येईपर्यंत. हीटसिंक पूर्ण काढला तर जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला लेप, पुसून नवी लावावीच लागते, तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसासमोर करा.

साफ केल्यावर फरक पडला की नाही, हे कानावर सोडू नका. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथं प्रोसेसरचं तापमान आणि पंख्यांचे फेरे दिसतात. साफसफाईच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा लिहून ठेवा. एसएमपीएसच्या पंख्याचा आकडा तिथं सहसा नसतो, त्याची वायर मदरबोर्डला येत नाही. आणखी एक बघा : दुपारी घोंघाट सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीच काम चालू नसताना प्रोसेसर ऐंशी-नव्वद टक्के दिसला, तर रुई काढून भागणार नाही. एखादा प्रोग्राम मागं बसून त्याला राबवतोय, तो कोणता ते त्याच यादीत वर दिसतं.

हे सगळं उन्हाळ्याच्या आत करा. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीत २५ अंश असताना कामाच्या भरात तो ७० ला जात असेल, तर मे महिन्यात खोली ४२ ला गेल्यावर तोच, तेवढ्याच कामात, ८७ च्या आसपास जाणार. पट्ट्या तुंबलेल्या असतील तर आणखी वर. मग शंभरीच्या आसपास तो स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, आणि विम्याच्या शेवटच्या तारखेला दारात रांग असताना तुमची साइट उघडत नाही. लोक नेटला दोष देतात. तुमच्यासमोर बसलेल्या शेतकऱ्याचा दिवस त्यात जातो, म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

डबा जमिनीवर असेल तर उचलून टेबलावर घ्या, रुई जमिनीलगतच जास्त फिरते. मागं वीतभर जागा सोडा. जिनिंग चालू असेल तोवर पंधरा-वीस दिवसांनी झाकण काढून नुसती नजर टाका. नवीन मशीन घ्यायची मला तरी गरज दिसत नाही. पुन्हा कुणाकडे दुरुस्तीला गेलात, तर पार्ट बदलण्याआधी एवढंच म्हणा : "दादा, तो पंखा थांबवून मला आवाज बंद झालेला ऐकवा, मग बदला." चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतला एक मुलगा पंख्यात खोबरेल तेल सोडतो. चार दिवस आवाज जातो, परत येतो. काही दुसरं तेल आहे का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : खोबरेल नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, म्हणजे उदगीरच्या थंडीत पहाटे बुशमध्ये मेणच बसणार. उन्हाळ्यात ते धूळ धरून चिकट होतं. स्वयंपाकाचं कुठलंच तेल नको. गंज काढायचा फवाराही नको, तो असलेलं वंगणसुद्धा धुऊन काढतो.

शिलाई मशीनचं तेल चालतं. पंखा मशीनमधून काढायचा, मधला स्टिकर अर्धा उचलायचा, खाली रबराची टोपी असेल तर काढायची, एक थेंब सोडायचा, पातं हातानं फिरवायचं, जादाचं पुसून स्टिकर परत नीट चिकटवायचा. दोन थेंब झाले तर ते बाहेर उडून बोर्डावर पडतात. पण बुश झिजलेली असेल तर तेलानं ती भरून येत नाही. नवा पंखा मिळेपर्यंतची ही सोय समजा. प्रोसेसरवरच्या पंख्याला तर मी तेवढीही मुदत देत नाही. तो जाम झाला तर काम तिथंच थांबतं. एसएमपीएसच्या पंख्याला तेल घालण्यासाठी पेटी उघडावी लागते, म्हणून तो प्रयोग घरी अजिबात नाही.

प्रश्न : वसमतला आमची हळदीची आडत आहे. मुनीमजींचा कॉम्प्युटर हळदीच्या भुकटीपासून वाचावा म्हणून प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवतो. तरीही पंखा ओरडतो.
— एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : कव्हर मशीन चालू असतानाही घातलेलं असतं का? तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतं. मग तीच गरम हवा आतल्या आत फिरते आणि पंखा ओरडणारच. कव्हर फक्त बंद केल्यावर, रात्री. दिवसा काढून ठेवायचं.

हळदीची भुकटी रुईपेक्षा वेगळी वागते. रुई पट्ट्यांच्या तोंडावर अडते, भुकटी फार बारीक, ती थेट बेअरिंगपर्यंत जाते. त्यामुळे तुमच्याकडे पंखे लवकर झिजतात, हे धरूनच चला. डब्याची पुढची जाळी असते तिथं मच्छरदाणीचा एकेरी तुकडा लावून बघा आणि दर आठवड्याला धुवा. भुकटी तो पूर्ण अडवणार नाही, पण धागे-तंतू अडवेल. खरा उपाय जागेचा आहे : हळदीचा ढीग ओतला जातो, पोती झाडली जातात, तिथून डबा भिंतीपलीकडे न्या. मॉनिटर आणि कीबोर्ड मुनीमजींसमोर ठेवा, लांब केबल सहज मिळतात. माझ्या मते दर हंगामाला नवा पंखा घेण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

प्रश्न : सगळे पंखे नवे टाकले. तरी डब्यातून अधूनमधून टक-टक, टक-टक असा आवाज येतो आणि तेवढ्यात मशीन अडकतं. कोणता पंखा राहिला असेल?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : एकही नाही. पंख्याचा आवाज मशीन अडकवत नाही. हा हार्ड डिस्कचा आवाज आहे. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० ची डिस्क चांगली असेल तर सेकंदाला १२० फेऱ्यांची एकसारखी हलकी गुणगुण ऐकू येते. ठराविक अंतरानं टक-टक म्हणजे वाचणाऱ्या टोकाला जागा सापडत नाही आणि ते परत परत मागं येऊन प्रयत्न करतंय.

हे वाचाल तेव्हा आधी मशीन बंद करा. नवी डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह हाताशी आल्यावरच चालू करा आणि सगळ्यात आधी जे परत मिळणार नाही ते कॉपी करा : घरचे फोटो, हिशेब, मुलांची कागदपत्रं. विंडोज आणि प्रोग्राम परत टाकता येतात, त्यात वेळ घालवू नका. कॉपी चालू असताना डिस्क दिसेनाशी झाली तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. प्रत्येक वेळी तबकडीवर ओरखडे पडायची भीती असते. त्या माहितीचं मोल जास्त असेल, तर डिस्क तशीच काढून डेटा काढून देणाऱ्याकडे न्या आणि ती घरी उघडू नका.